उसनी गोडी

मराठीच्या प्राध्यापकाला दारूविषयी जे काही ठाऊक असते ते बहुधा 'एकच प्याला'मधून आलेले असते. गडकऱ्यांचे हे नाटक १९१९ साली रंगभूमीवर आले. तेव्हापासून सुधाकर किती वर्गांत, किती वेळा बुडाला असेल याची गणती नाही. आम्हीही त्याला वर्षानुवर्षे बुडवीत आलो आहोत. तळीरामाच्या आर्यमदिरामंडळाला मुले खळखळून हसतात, सिंधूच्या प्रवेशांना गप्प होतात आणि परीक्षेत दोन्हींवर सारखेच लिहितात. एकदा मात्र मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, "सर, सुधाकर जे पीत होता त्याची चव कशी असते?" वर्ग हसला, आम्हीही हसलो आणि पुढच्या प्रवेशाकडे वळलो. प्रश्न मात्र आमच्यामागून स्टाफरूमपर्यंत आला. रसास्वाद हा शब्द आम्ही तासाला दहा वेळा उच्चारतो. पण ज्या वस्तूभोवती अख्खे नाटक फिरते तिचा आस्वाद म्हणजे काय, हे आम्हांला सांगता येत नव्हते.

'आम्ही' म्हणजे येथे खरोखरच दोघे. एकाच महाविद्यालयात, एकाच विभागात, चाळिशी ओलांडलेले. एकाचे आजोळ मालवण तालुक्यातले धामापूर. दुसरा घाटावरचा, माळकरी घरातला. त्याच्या गावात साखर कारखान्याच्या मळीचा वास वाऱ्यावर असे आणि त्या मळीचे पुढे काय होते हे कोणी मोठ्याने बोलत नसे. गेल्या मे महिन्याच्या सुटीत आम्ही दोघे धामापूरला गेलो तेव्हा पुस्तकांच्या पिशवीत, दोन जाडजूड समीक्षाग्रंथांच्या मध्ये, एक बाटली होती. ती तेथे लपवण्याचे कारण पुढे येईल.

*

बाटली 'इंद्री'ची होती. हरियाणातील कर्नाल जिल्ह्यात इंद्री नावाचे गाव आहे. तेथल्या पिकॅडिली कंपनीने २०२१ साली ही सिंगल माल्ट व्हिस्की बाजारात आणली. सिंगल माल्ट म्हणजे फक्त मोड आणलेल्या सातूपासून आणि एकाच भट्टीत गाळलेली. आपल्याकडे व्हिस्की म्हणून जी सर्रास विकली जाते तिच्यात पुष्कळदा मळीच्या स्पिरिटचाच मोठा वाटा असतो, म्हणून हा खुलासा. भारतात सिंगल माल्टची वाट बंगळूरच्या 'अमृत'ने पाडली. २००४ साली त्यांनी आपली बाटली थेट ग्लासगोत, म्हणजे स्कॉटलंडच्याच अंगणात, नेऊन ठेवली. मग २०१२ मध्ये 'पॉल जॉन' आली, गोव्यातील कुंकळ्ळीच्या भट्टीतून. आता भारतीय सिंगल माल्ट ही नवलाई उरलेली नाही.

'इंद्री'च्या नावापुढे 'त्रिनी' असे एक बिरुद आहे. बाटली हातात घेतल्यावर आमचे पहिले भांडण याच शब्दावर झाले. एकाच्या मते ते 'तीन'चे नटवे रूप. दुसऱ्याच्या मते संस्कृतातील 'त्रीणि', नपुंसकलिंगी अनेकवचन, कारण काष्ठ हा शब्द नपुंसकलिंगी आहे आणि ही व्हिस्की तीन प्रकारच्या लाकडात मुरलेली आहे. अमेरिकन बर्बनची पिंपे, फ्रेंच वाइनची पिंपे आणि पेद्रो हिमेनेझ नावाच्या शेरीची पिंपे. व्याकरणाचे हे सुख बाटली न उघडताच मिळाले, हे नोंदवलेले बरे.

आम्हांला हवी होती ती त्यातली शेरी. कारण शेरीचा संस्कार झालेल्या ज्या नामवंत स्कॉच आहेत त्यांतल्या पुष्कळांच्या किमती हिच्याहून बऱ्याच जास्त असतात, आणि ही आम्हांला चार आकड्यांत मिळाली. 'परवडणारी' हा शब्द आम्ही तेवढ्यापुरताच वापरतो. पगारदार माणसाला वर्षातून एकदा परवडते ते परवडणारे. ती धामापूरहून गाडीने दीड-दोन तासांवर, गोव्यात, आणखी परवडली असती. पण तेथली बाटली बांद्याच्या अलीकडे आणणे हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. १९४९ चा दारूबंदी कायदा अजून पुस्तकात आहे. आपण पितो ते परवान्याने, आणि त्या परवान्याची भाषा अशी की हा इसम आपली प्रकृती राखण्यासाठी मद्य घेतो. आम्ही प्रकृतीचे परवाने काढले आणि आपल्याच हद्दीतल्या दुकानातून बाटली घेतली. पावतीवर 'विदेशी मद्य' असे होते. राजस्थानचा सातू, हरियाणाचे पाणी, आणि तरी विदेशी. विदेशी होते ते फक्त लाकूड.

*

त्या लाकडाची कथा सांगण्यासारखी आहे. शेरी ही स्पेनच्या दक्षिणेकडील आंदालुसिया प्रांतातल्या हेरेझ गावाची वाइन. त्या गावाच्या नावाचाच इंग्रजांनी शेरी असा अपभ्रंश केला. शेक्सपिअरच्या फॉल्स्टाफने जिचे पोवाडे गायले ती 'सॅक' हीच. ही वाइन ओकच्या मोठ्या पिंपांतून जहाजाने इंग्लंड-स्कॉटलंडला जाई, तेथे बाटल्यांत भरली जाई, आणि रिकामी पिंपे बंदरांत पडून राहत. परत पाठवण्याचा खर्च कोण करणार? व्हिस्कीवाल्यांना भांडी हवीच होती. त्यांनी ती स्वस्तात उचलली. भट्टीतून नुकतीच निघालेली व्हिस्की पाण्यासारखी रंगहीन आणि जिभेला चटका देणारी असते. या टाकाऊ पिंपांत काही वर्षे निजल्यावर ती तांबूस, गोडसर, शहाणी होऊन बाहेर येते हे त्यांच्या ध्यानात आले. काटकसरीतून निघालेली रीत पुढे अभिरुची झाली. साहित्यातही असेच होते. गरजेपोटी केलेली तडजोड पुढच्या पिढीत शैली म्हणून शिकवली जाते.

१९८० च्या दशकात स्पेनमधून शेरी पिंपांनी पाठवणे बंद झाले. ती तेथेच बाटलीत भरली जाऊ लागली. बंदरातली रिकामी पिंपे संपली. मग उलटा व्यवहार सुरू झाला. आज व्हिस्कीसाठी नवी पिंपे बनवतात, त्यांत वर्ष-दोन वर्षे शेरी भरून ठेवतात, आणि लाकडाने ती पुरेशी प्यायली की पिंपे रवाना होतात. पूर्वी वाइनसाठी पिंप होते. आता पिंपासाठी वाइन आहे. ती शेरी पुष्कळदा पेल्यात जातच नाही, तिचा सिरका होतो किंवा ती पुन्हा गाळली जाते.

पेद्रो हिमेनेझ हे एका पांढऱ्या द्राक्षाचे नाव. तोडलेले घड उन्हात चटयांवर पसरतात, मनुकांसारखे सुरकुतेपर्यंत वाळवतात आणि मग पिळतात. त्यातून निघते ती काकवीसारखी काळी, दाट, अतिगोड शेरी. कोकणातल्या माणसाला याचे नवल वाटू नये. आमसुले, फणसाची साठे, काजूबिया हे सगळे आपल्या खळ्यात मे महिन्याच्या उन्हात हेच करीत असतात.

व्हिस्की संपूर्ण काळ शेरीच्या पिंपात ठेवणे महाग पडते. म्हणून पुष्कळदा ती बर्बनच्या स्वस्त पिंपात बरीच वर्षे काढते आणि शेवटचे काही महिने शेरीच्या पिंपात. याला 'फिनिश' म्हणतात. मराठीत त्याला अंत्यसंस्कार म्हणता येत नाही ही आमच्या भाषेची अडचण. 'फिनिश'चा दुसराही एक अर्थ या लोकांत रूढ आहे : घोट गिळल्यावर मागे जे रेंगाळते ते. त्याला मात्र आमच्याकडे हजार वर्षांचा शब्द आहे. घंटेचा टोल थांबल्यावर जो निनाद उरतो त्याला ध्वनिवाद्यांनी अनुरणन म्हटले. व्हिस्कीच्या समीक्षेला मराठीने हा शब्द बिनव्याज द्यावा.

*

धामापूरचा तलाव १५३० साली बांधला गेला. विजयनगरच्या अमलातील मांडलिक नागेश देसाई यांनी तो बांधला असे सांगतात. दोन टेकड्यांमधले पाणी बांध घालून अडवले, आणि पाचशे वर्षे होत आली तरी ते अडलेले आहे. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन आयोगाने त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळ म्हणून मान दिला. काठावर भगवतीचे देऊळ आहे. ती कथा येथल्या प्रत्येक पोराला ठाऊक असते. पूर्वी गावात लग्न निघाले आणि नवरीच्या अंगावर घालायला काही नसले, की घरची माणसे परडीत फुलांचे दागिने करून तलावात सोडीत. परडी बुडे आणि थोड्या वेळाने खऱ्या सोन्याचे दागिने घेऊन वर येई. लग्न झाले की ते तसेच परडीतून परत द्यायचे. पुढे कोणा एकाला मोह पडला, त्याने दागिने परत केले नाहीत, आणि देवीने हात आखडला.

संध्याकाळी त्या बांधावर बसून आम्ही या कथेला शेरीच्या पिंपाची उपमा देत होतो. चार महिने दुसऱ्याचे दागिने घालून नवरी मांडवात उभी राहते, तशी ही व्हिस्की. घाटावरच्या मित्राचे म्हणणे होते की मग तिची स्वतःची गोडी कोणती? उसने उतरवून ठेवले तर खाली काय राहते? धामापूरवाल्याचे म्हणणे असे की उसने घेऊनच सगळे सजते. पाहायचे ते इतकेच की घेणाऱ्याच्या अंगाला ते शोभते का. दोघेही स्वतःवर खूश होतो. वारा पडला होता आणि कातळावरच्या काजूखाली कुजणाऱ्या बोंडवांचा आंबूस-गोड वास सबंध गावावर पसरला होता. हंगाम सरत आला होता. बी काढून घेतात, बोंड तसेच पडते. तेच बोंड हद्दीपलीकडे फेणी होते. तिला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, २०१६ साली गोवा सरकारने तिला वारशाचे पेय ठरवले. अलीकडे ते बहुतेक मातीलाच मिळते. २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने काजूबोंडे आणि मोहफुले यांच्या मद्याला 'देशी'ऐवजी 'विदेशी' दर्जा देण्याचा निर्णय घेतला तेव्हा आम्ही विभागात पुष्कळ हसलो होतो. झाडाखाली बसून तितके हसू आले नाही.

*

आता बाटली लपवण्याचे कारण. त्या घरात दारू यायची नाही असा आईचा नियम होता. आई एकाची, पण इतक्या वर्षांच्या जाण्यायेण्याने दोघेही तिला आईच म्हणतो. वय शहात्तर. एकुलती एक म्हणून हे माहेरचे घर तिच्याकडे आले. नियमाचे कारण तिने कधी सांगितले नव्हते आणि आम्ही गृहीत धरले होते की कारण सिंधूचेच असणार. तिच्या वडिलांनी कधीकाळी काजूची भट्टी लावली होती एवढे कुटुंबात अर्धवट ऐकू येई. पिणारा बाप, सोसणारी मुलगी. नाटक आम्हांला पाठ होते.

आई नऊला निजली. आम्ही पडवीत चहाचे दोन काचेचे पेले घेतले, विहिरीचे पाणी तांब्यात घेतले आणि वाकून बाटलीचे बूच काढले. दोघांनी स्वतंत्र कागदांवर नोंदी करायच्या, एकमेकांना दाखवायच्या नाहीत, मग ताडून पाहायच्या, असे ठरले होते. विद्यापीठाच्या दुहेरी मूल्यमापनासारखे.

कागद ताडून पाहिले तेव्हा मात्र शरम वाटली. दोघांनीही 'नाताळचा केक' लिहिले होते. 'जुने चामडे' लिहिले होते. 'अंजिराचा मुरंबा' लिहिले होते. इंग्रजी पद्धतीचा, वर्षभर ब्रँडीत भिजवलेला नाताळचा केक दोघांपैकी कोणीही जन्मात खाल्लेला नाही. सुटीपूर्वी चार लोकांची परीक्षणे वाचली होती, तीच जिभेवरून उतरली होती. विद्यार्थी कवितेचे रसग्रहण मार्गदर्शकातून लिहितात म्हणून आम्ही लाल रेघा मारतो. ही तर सरळ नक्कल होती. पिंपाने वाइनची गोडी उसनी घेतली होती, आम्ही तिच्यासाठी शब्दही उसने घेतले.

कागद फाडून पुन्हा बसलो. या वेळी घाईने काही लिहायचे नाही, फक्त वास घ्यायचा. पेल्यात तोंड न घालता, जरा दुरून. शेहेचाळीस टक्क्यांचे मद्य जवळून नाकाला बोलूच देत नाही. प्रथम आले ते ओले लाकूड, सुताराच्या पटाशीखालून निघते तसे. मग गूळ, पण नुसता नव्हे, आल्याबरोबर पाकात चढलेला. जत्रेतल्या मालवणी खाज्याचा. मग आंबट काही, सुकलेल्या आमसुलाच्या डब्याचे झाकण काढावे तसे. घोट घेतला तर जिभेच्या टोकाला मनुका, मध्ये तिखटपणा, कडांना सागाच्या फळीसारखी तुरट कोरड. विहिरीच्या पाण्याचे सहा-सात थेंब टाकले. हे थेंब केवळ धार कमी करीत नाहीत. मद्याच्या पोटात दडलेली काही गंधद्रव्ये पाणी मिळाल्यावर पृष्ठभागाकडे सरकतात असे रसायनाचे अभ्यासक सांगतात. खरोखरच व्हॅनिलासारखा एक मऊ वास वर आला, जो आधी नव्हता. गिळल्यावर मागे उरली ती गोडी नव्हे, कडवट चहासारखी एक छटा. आणि तीही लवकर विरली. अनुरणन तोकडे आहे, हा दोष आम्ही नोंदवतो. तीन लाकडांचे आवाज कधी कधी एकमेकांवर चढतात, हाही. मर्ढेकरांच्या परिभाषेत सांगायचे तर संवाद आणि विरोध दोन्ही भरपूर आहेत, समतोल मात्र पाण्यावाचून साधत नाही. पण किमतीकडे पाहता, आणि शेरीची ओळख करून घ्यायची असेल तर, ही बाटली आपले काम चोख करते. गुण द्यायचेच तर प्रथम श्रेणी. विशेष प्रावीण्य नाही.

आणि तरी हे सगळे बोलण्याला आधार काय? कांटने १७९० च्या ग्रंथात नेमके हेच उदाहरण घेतले आहे. कॅनरी बेटांची वाइन, म्हणजे फॉल्स्टाफच्या सॅकचीच बहीण, सुखद आहे असे कोणी म्हणाले तर त्याने 'मला सुखद आहे' असे म्हणावे. जिभेचे सुख ज्याचे त्याचे. सौंदर्याचा निवाडा सगळ्यांच्या वतीने. रा. भा. पाटणकरांच्या पुस्तकांवरून आम्ही हे वर्षानुवर्षे शिकवतो. पण आपल्या परंपरेत गंमत अशी की अभिनवगुप्ताने रसाचे स्वरूप सांगताना दाखला घेतला तो पेयाचा. गूळ, मिरी, आंबट यांचे पानक; घटक वेगळे सांगता येतात, पण चव त्यांपैकी कोणाचीच नसते. कांट ज्याला दारातून आत घेत नाही त्याच पेल्यावर आमचे रसशास्त्र उभे आहे. तर मग चर्वणा हा शब्द आपण फक्त लाक्षणिक अर्थाने का घ्यायचा?

हे बोलणे इतके रंगले की आवाज चढले. दारात आई उभी होती.

*

पेले लपवायला वेळ नव्हता. ती आली, पायरीवर बसली. रागावलेली दिसली नाही. तिने हात पुढे केला. धामापूरवाल्याने पेला दिला. तिने तो तोंडाला लावला नाही. नाकापासून वीतभर दूर धरला, डोळे मिटले, पेला फिरवला, पुन्हा वास घेतला. आम्ही तासभर जे शिकत होतो ते तिच्या हाताला ठाऊक होते.

"लाकूड मोप आसा," ती म्हणाली. जरा थांबून म्हणाली, "गोडी मागसून इली. ती हेची न्हय."

गोडी मागून आली. ती ह्याची नव्हे. लेबल तिने पाहिले नव्हते, पिंपांची कथा तिला कोणी सांगितली नव्हती. ह्यूमच्या १७५७ च्या निबंधात 'डॉन किहोते'मधला एक प्रसंग आहे. सँकोच्या दोन नातलगांपुढे वाइनचे पिंप ठेवतात. एक जिभेचे टोक लावतो आणि म्हणतो, लोखंडाची चव आहे. दुसरा फक्त नाकाशी धरतो आणि म्हणतो, चामड्याची. लोक हसतात. पिंप रिकामे होते तेव्हा तळाशी चामड्याच्या वादीत ओवलेली एक लोखंडी किल्ली सापडते. अभिरुचीला प्रमाण असते एवढे सिद्ध करायला ह्यूमला तो प्रसंग हवा होता. आम्ही तो दर वर्षी सांगतो. किल्ली सापडताना प्रथमच पाहिली.

मग तिने जे सांगितले ते तिच्याच क्रमाने येथे देतो, थोडक्यात. तिचे बाबा पीत नसत. ते उत्तम दारू काढीत आणि तिचा अभिमान बाळगीत. व्हाळाच्या काठी, जांभ्या दगडांचा आडोसा करून भट्टी होती. करवंटीत धार धरून फेसाचे मणी किती वेळ टिकतात ते पाहत, आणि पहिला वास घ्यायला पोरीच्या नाकाशी धरीत. "तुझा नाक खरा सांगता," म्हणत. मुंबई राज्यात तेव्हा कडक दारूबंदी. तांब्याचे भांडे त्यांचे स्वतःचे नव्हते. पेडण्याच्या सोयऱ्यांकडून उसने आणले होते. पेडणे तेव्हा पोर्तुगीज अमलात. एका हंगामापुरते म्हणून आणले. पुढे १९५५ मध्ये सरहद्द बंद झाली, भांडे इकडेच राहिले. १९५८ च्या उन्हाळ्यात खाकीतली तीन माणसे आली. घरात काही मिळाले नाही. त्यांतल्या एकाने खळ्यात खेळणाऱ्या नऊ वर्षांच्या पोरीला खडीसाखर दिली आणि हसत विचारले, बाबांचे मोठे भांडे कोठे असते? तिला वाटले, भांड्याचे कौतुक करायला पाहुणे आलेत.

"तेंका मियाच दाखवलंय," आई म्हणाली.

बाबांना दंड झाला, काही आठवडे कोठडी झाली. परतल्यावर ते तिला एका शब्दाने बोलले नाहीत. फक्त पुन्हा कधी तिच्या नाकाशी काही धरले नाही. गोवा १९६१ साली मोकळे झाले, तेव्हा सोयऱ्यांचा निरोप आला की भांडे द्या. द्यायला भांडे नव्हते. दुसरे घ्यायला पैसे नव्हते. येणेजाणे तुटले ते तुटलेच. घरात दारू नको, हा नियम त्या पोरीचा होता. तो नीतीचा नव्हता. आम्ही इतकी वर्षे तिला सिंधू समजत आलो, आणि सुधाकर म्हणून ज्याला मनोमन उभे केले होते तो माणूस पिणाराच नव्हता.

आम्ही दोघेही काही बोलू शकलो नाही. घाटावरच्या मित्राने एवढेच विचारले की बाबांच्या दारूला वास कसा असे. ती खूप वेळ शोधत राहिली. "तेका लाकडाचो वास नाय," म्हणाली. फेणीला परंपरेने लाकूड लागत नाही; काच किंवा माती. तिच्या अंगावर जे असते ते बोंडवाचेच असते. "तेचो वास तेचोच," ती म्हणाली आणि पेला खाली ठेवला.

*

व्हिस्की हा शब्द गेलिक भाषेतल्या 'उश्गा बेहा' या जोडशब्दाचा उत्तरार्ध गाळून झालेला आहे. अर्थ, जीवनाचे पाणी. भाषाशास्त्र सांगते की त्यातले पहिले पद आपल्या 'उदका'चे दूरचे भावंड आणि दुसरे 'जीवा'चे. संस्कृतात तर जीवन या शब्दाचाच एक अर्थ पाणी. ही व्युत्पत्ती निबंधाच्या सुरुवातीला घालायची असे आम्ही प्रवासातच ठरवले होते. ती येथे, इतक्या खाली येऊन पडली आहे, आणि आता तिचे तितकेसे अप्रूप वाटत नाही.

पिंपात मुरताना व्हिस्कीचा काही भाग दर वर्षी उडून जातो. स्कॉटलंडात सुमारे दोन टक्के; गोव्याच्या उष्ण, दमट हवेत सुमारे आठ. स्कॉच लोक त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. कोकणात तो देवचाराचा म्हटला असता. येथे राखणदाराला दारूचा मान असतोच. सांगायचे ते असे की मुरणे म्हणजे केवळ मिळवणे नव्हे. लाकूड जितके देते तितकेच हवा घेऊन जाते. सदुसष्ट वर्षे मुरलेल्या गोष्टीतून काय उडाले आणि काय उरले हे आम्ही कोण सांगणार? त्या रात्री तिने जेवढे सांगितले त्यात बापाविषयी तक्रार नव्हती, खाकीतल्या माणसांविषयीही फारशी नव्हती. खडीसाखरेची चव मात्र तिला अजून नेमकी आठवत होती, आणि तेव्हापासून ती तिने खाल्ली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेले धुऊन उपडे घातलेले होते. बाटली आम्ही पिशवीत भरू लागलो तर ती म्हणाली, "थंयच रवांदे." ती आता कपाटात आहे, अर्धी, समीक्षाग्रंथांच्या शेजारी. निघताना तिने एक वाक्य म्हटले, ते आम्हांला नव्हे, बहुधा स्वतःशीच : "भांडा परत करूचा रवला."

भांडे परत करायचे राहिले. पेडण्याजवळचे ते गाव तिला ठाऊक आहे, घराच्या खुणाही. मधली सरहद्द गेली त्याला साठ वर्षांवर झाली. गाडीने जेमतेम दीड तास. तांब्याचे भांडे बाजारात वजनावर मिळते. गणपतीच्या सुटीत तिला घेऊन जायचे ठरले आहे. त्या घरात आता ओळखणारे कोणी असेल की नाही, आणि असलेच तर त्यांना त्या भांड्याची आठवण असेल की नाही, हे तेथे गेल्यावरच कळेल. आई म्हणते, त्याने फरक पडत नाही.

जूनमध्ये महाविद्यालय उघडले, आणि 'एकच प्याला' पुन्हा नेमलेले आहे. त्या मुलाने शिक्षण संपवून नोकरी धरली, नाहीतर त्याला सांगितले असते की चव सांगता येते. फक्त शब्द आपले असावे लागतात, आणि कोणाकडून काय उसने घेतले आहे याचा हिशेब ठेवावा लागतो.